रोही कळवतो म्हणाला

३ नोव्हेंबर

"—वावर खाणाऱ्याले जावई कायले करता?" देवमनकाका ओरडत होते. मोबाइल त्यांनी बाबांच्या नाकाला लागेल इतका पुढे धरला होता. बाबांनी मान मागे घेतली. मोबाइलवर रोही होता, नीलगाईचा नर. राखाडी कोट, चष्मा, समोर पोह्यांची बशी.

"दौलतराव, ह्यानं माही चार एकर तूर खाल्ली. आमी फटाके फोडू फोडू थकलो. अन् तुमचं पोरगं त्याले चष्मा लावते!"

बाबा म्हणाले, "गेम हाये तो, देवमन."

"गेम असो का सिनेमा. पोरगी द्याचीच तं हेल्याले द्या. कष्टाचा हाये."

मी बाहेर गेलो नाही. आत बसून ऐकलं. गेल्या दहा वर्षांत माझ्या दोन कथा छापून आल्या. त्यांच्यावर बोलायला घरी कोणी आलं नव्हतं.

गेमचं नाव 'पाहुणे'. बनवला उत्कर्षने. तो माझा चुलतभाऊ, पुण्यात संगणक शिकून कामरगावला परत आलेला. संवाद माझे. मी कारंज्याला तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. परदेशात असे गेम आहेत, उत्कर्ष म्हणाला. खेळणारा माणूस, बाकी सगळे पक्षी नाहीतर प्राणी. त्यांच्याशी बोलायचं, बागेत भेटायचं, कॉफी प्यायची, प्रेम जमवायचं. मी म्हणालो, कामरगावात बाग कुठे आहे? आपल्याकडे पाहुणे येतात. तेव्हा खेळणारी नवरी झाली. तिने चहाचा ट्रे घेऊन यायचं. समोर खुर्चीवर एकेक प्राणी बसलेला. रोही, हेला म्हणजे रेडा, बोकड, माकड, मोर, घुबड.

रोही पहिला. त्याच्यावर मी तीन महिने काम केलं. तो कमी बोलतो. खिडकीतून बाहेर बघतो. चहा संपवतो, उठतो आणि म्हणतो, "कळवतो." मग परत येत नाही. पडद्यावर रिकामी खुर्ची राहते. ती रिकामी खुर्ची हे या गेममधलं खरं लेखन आहे.

५ नोव्हेंबर

नऊ हजार लोकांनी गेम घेतला. उत्कर्ष प्रतिक्रिया वाचून दाखवतो. काही इथे उतरवून ठेवतो.

"गेम मस्त. पण पहिला पाहुणा गेल्यावर अडकते. नेट बदलून पाहिलं." मानोरा.

"तीन वेळा काढून परत टाकला. रोही अजून कळवत नाही. दुरुस्त करा." कारंजा.

"रोहीचा मामा कोण? मध्यस्थी कोणी केली? त्यांचा नंबर द्या. मी बोलतो." रतनसिंग, पोहरादेवी.

"एक तारा. रोहीला उत्तर माहीत आहे. तरी सांगत नाही." पौर्णिमा, जऊळका.

शेवटची जरा बरी. निदान पात्राविषयी काही म्हणते आहे. एक तारा मात्र अन्याय आहे.

६ नोव्हेंबर

माझ्या धाकट्या बहिणीला, रूपाला, नाशिकच्या एका दवाखान्यातून नेमणुकीचं पत्र आलं. परिचारिका. वीस तारखेपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर यादीतली पुढची मुलगी. आईने पत्र बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं.

बाबा म्हणाले, "मंगरूळवाल्यांचं उत्तर येऊ दे."

मंगरूळपीरचे पाहुणे पाच ऑक्टोबरला रूपाला बघायला आले होते. मुलगा सरकारी नोकरीत. मुलाची आई म्हणाली होती, सुनेनं बाहेरगावी नोकरी केलेली आमच्यात चालत नाही. जाताना म्हणाले, कळवतो. आज बत्तीस दिवस झाले. बाबा मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवतात आणि आंघोळीला जाताना आईकडे देतात.

रूपा म्हणाली, "तुमीच फोन करून इचारा ना बाबा."

"पोरीवाल्यानं इचाराचं नसते."

"काहून?"

"घाई दिसते."

"घाईच तं हाये. वीस तारीख हाये."

बाबा उठून अंगणात गेले. मी कोणाची बाजू घेतली नाही. माझ्याकडे तपासायला चाचणीचे पेपर होते.

८ नोव्हेंबर

उत्कर्षने आकडे दाखवले. साडेनऊ हजारांपैकी सात हजार लोक रोहीच्या पुढे गेलेले नाहीत. ते रोज गेम उघडतात. रिकामी खुर्ची बघतात. बंद करतात. खाली 'पुढचे पाहुणे' असं बटण आहे, हिरवं, उघडझाप करणारं. ते कोणी दाबत नाही.

"दादा, बटण दिसत नसंन काय?"

मी म्हणालो, दिसतं. त्यांना ते दाबावंसं वाटत नाही. शांततेने ते खिळून राहिले आहेत. मोठ्या लेखनाचं हे लक्षण असतं.

उत्कर्षने बटण आणखी मोठं केलं.

९ नोव्हेंबर, रविवार

भागिरथाबाई आल्या. त्यांच्या बचत गटातल्या अकरा बाया एकाच मोबाइलवर गेम खेळतात. शनिवारी दुपारी बैठक, बैठकीनंतर पाहुणे. तीन आठवड्यांपासून त्या रोहीवरच आहेत.

उत्कर्षने त्यांना हिरवं बटण दाखवलं. "मोठीबाई, हे दाबा. हेला येते."

"हे आमाले पहिल्याच दिवशी दिसलं," त्या म्हणाल्या.

"मंग दाबलं काहून नाई?"

"एकाचं उत्तर याचं हाये अन् दुसऱ्याले पोरगी दाखवाव? आमाले काई वळण हाये का नाई?"

उत्कर्ष म्हणाला, "अवं पण ते रोही येतच नाई. गेममधी तसंच हाये."

भागिरथाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "येत नाई? अन् हे तुमाले पहिल्यापासून माहीत हाये?"

"हो."

"मंग अकरा बाया वाट पाहून राह्यल्या तं पाहू देल्या तुमी?"

मी त्यांना मुक्त शेवटाविषयी थोडं सांगितलं. लेखकाने सगळं सांगायचं नसतं, वाचकाने जागा भरायची असते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चहा ठेवून रूपा आत जात होती. भागिरथाबाई तिला म्हणाल्या, "काय वं रूपा, मंगरूळवाल्याईचं काई आलं?"

"नाई."

"तिथं बी मुक्त शेवट हाये काय?"

रूपा हसली. बाबा हसले नाहीत.

११ नोव्हेंबर

उत्कर्षचं म्हणणं, रोहीचं उत्तर लिहून दे. हो किंवा नाही. दोन ओळी. सात हजार लोक पुढे सरकतील.

मी नकार दिला. रोहीने उत्तर दिलं तर तो रोही राहत नाही. हेला होतो.

हेल्याविषयी नोंद. त्याचे संवाद मी लिहिलेले नाहीत. रोही लिहून थकलो होतो, म्हणून ते उत्कर्षने एका दुपारी लिहिले. हेला चार बशा पोहे खातो. कडब्याच्या भावाविषयी बोलतो. शेवटी म्हणतो, "मले पसंत हाये. तुमचं तुमी सांगा. नाई म्हटलं तरी राग नाई, चहा घेऊनच जाईन." एवढंच.

जे थोडे लोक तिथपर्यंत पोचले त्यांनी उच्छाद मांडला आहे. पुण्याच्या वसतिगृहातल्या मुलींनी त्याच्या नावाचा गट काढला. एकीने सफारीतला हेला काढून पाठवला आहे, खिशाला पेन. रिसोडच्या एका गृहस्थांनी मुलीचा बायोडाटा पाठवला. फोटो, उंची, शिक्षण, मामेकुळ. खाली लिहिलं आहे : "हेला ज्यांच्यावरून घेतला ते गृहस्थ अविवाहित असल्यास कळवावे."

उत्कर्ष दिवसभर शीळ घालत होता.

रोही कोणावरून घेतला, असं कोणी विचारलेलं नाही.

जऊळक्याच्या पौर्णिमा यांची दुसरी प्रतिक्रिया : "रोही खिडकीतून बाहेर बघतो, पण बाहेर काहीच नसतं. समोर बसलेल्या माणसाकडे बघायला लागू नये म्हणून तो बघतो. लेखकाला हे माहीत आहे असं वाटत नाही. एक तारा."

मला हे माहीत नव्हतं. पण वाक्य चांगलं आहे.

१३ नोव्हेंबर

पौर्णिमा यांची तिसरी प्रतिक्रिया. पूर्ण उतरवतो.

"रोही बसतो त्या भिंतीवर मण्यांचा पोपट असायला हवा होता. आणि जाताना तो गडबडीत दुसऱ्याच्या चपला घालून जातो. त्या परत करायला यावं लागेल, आणि आलं तर उत्तर द्यावं लागेल, म्हणून चपलासुद्धा परत करत नाही. हे गेममध्ये का नाही?"

मी पहिला खर्डा काढून बघितला. मण्यांचा पोपट त्यात आहे. नंतर मी तो काढून टाकला, भावुक वाटला म्हणून. काढलेली गोष्ट या बाईंना दिसली. असा वाचक मिळावा म्हणून लोक आयुष्यभर लिहितात.

चपलांचं मात्र खर्ड्यातही नाही.

उत्कर्षला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, आपण जऊळक्याले पोरगी पाहाले गेलतो ना मागच्या वर्षी जानेवारीत? गाडी मीच चालवत होतो. तिचं नाव काय होतं?"

मी म्हणालो, आठवत नाही. पौर्णिमा हे नाव आपल्याकडे गल्लीत दोन असतात.

"तू तिच्या बापाच्या चपला घालून आलतास."

"अंधार झाला होता."

"दुपार होती, दादा."

त्या चपला पलंगाखाली आहेत. तपकिरी, उजवीचा अंगठा शिवलेला. माझ्या तिकडे राहिल्या. म्हणजे हिशेब बरोबरच आहे.

१५ नोव्हेंबर

अंगणात रूपा तांदूळ निवडत होती. मी बाजूला वाचत बसलो होतो. तिने मध्येच विचारलं, "दादा, रोही आता काय करून राह्यला असंन?"

"म्हणजे?"

"त्याच्या घरी. जेवण गिवण करत असंन ना? हासत बोलत असंन?"

मी म्हणालो, तो गेमच्या बाहेर अस्तित्वात नाही.

"पण त्याले माहीत तं असंन, का आपण जाणार नाई म्हणून."

"असेल."

"मंग सांगत काहून नाई?"

"सांगितलं तर ती शांतता मोडेल."

तिने सुपातला खडा उचलून फेकला. "कोणाची शांतता, दादा? त्याची का पोरीची?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. ती म्हणाली, "हो, कळव."

वीस तारखेला पाच दिवस राहिले.

१६ नोव्हेंबर

उत्कर्षने मला न विचारता गेम बदलला. रिकाम्या खुर्चीच्या पडद्यावर आता 'विचारा' असं दुसरं बटण आहे. ते दाबलं की नवरीच्या हातात मोबाइल येतो. रोहीच्या घरी घंटा वाजते. रोही उचलतो. म्हणतो : "आमचं जमलं दुसरीकडं. सांगाचंच राहून गेलं."

ही ओळ उत्कर्षची. मी त्याला म्हणालो, हे लेखन नाही. इतक्या ढोबळपणे कोणी बोलत नाही. रोही तर नाहीच नाही.

"मंग तू लिही."

मी लिहिली नाही.

भागिरथाबाईंनी 'विचारा' दाबलं तेव्हा मी तिथून जात होतो. खास बैठक बोलावली होती. घंटा वाजली तशा अकरा बाया एकदम गप्प झाल्या. रोही बोलला. मग जो आवाज झाला तो बसस्टँडपर्यंत गेला असावा. शिव्या होत्या, त्या लिहीत नाही. पाचव्या मिनिटाला हेला आला आणि कोणीतरी शिट्टी वाजवली.

१७ नोव्हेंबर

दोन दिवसांत चार हजार लोकांनी रोहीला फोन केला. प्रतिक्रिया :

"आत्ता कसं मोकळं वाटलं." अकोला.

"नाही म्हणाला तरी चालते. सांगितलं ना." यवतमाळ.

"माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. तिला हे बटण दाखवलं." गाव लिहिलेलं नाही.

"रोहीचा शोध लागला. मध्यस्थाचा नंबर आता नको." रतनसिंग, पोहरादेवी.

देवमनकाका रस्त्यात भेटले. "नाकारलं ना त्यानं? बरं झालं. आता माह्या वावरात येऊ नको म्हणा त्याले."

सरासरी अडीच ताऱ्यांवरून साडेचारवर गेली. संवादांचं श्रेय पडद्यावर अजून माझ्या एकट्याच्या नावावर आहे : 'संवाद : प्रसेनजित, कामरगाव'. उत्कर्षला म्हटलं, त्या ओळीखाली तुझं नाव घाल. तो म्हणाला, राहू दे, दोन-चार ओळी तं हायेत.

१८ नोव्हेंबर

दुपारी रूपा ओट्यावर गेम खेळत होती. रोहीला फोन करून झाला. मग आत आली, बाबांच्या खिशातला मोबाइल काढला. बाबा आडवे झाले होते. ते उठेपर्यंत तिने नंबर लावला होता.

"जय भीम, काकू. मी कामरगावची रूपा बोलून राह्यली. तुमी पाच तारखेले आलते आमच्या इथं. ऑक्टोबरच्या."

आई दारात येऊन उभी राहिली. बाबा हाताने नको नको करत होते. रूपाने पाठ फिरवली आणि मोबाइल मोठ्या आवाजावर टाकला.

"हो वं माय," पलीकडची बाई म्हणाली. "आमचं जमलं दुसरीकडं. दिग्रसले. सांगाचंच राहून गेलं."

"कवा जमलं?"

"दिवाळीच्या आदी."

"बरं. मले नाशिकले जाचं होतं, म्हणून इचारलं. जय भीम."

तिने मोबाइल बाबांच्या हातात दिला. बाबा म्हणाले, "पोरीवाल्यानं..." आणि मोबाइल परत खिशात ठेवला. आईने फोटोखालचं पत्र काढलं, पुसलं आणि कपाटावरची बॅग उतरवायला मला सांगितलं.

बॅग उतरवताना लक्षात आलं. मंगरूळच्या बाईचं वाक्य आणि उत्कर्षने लिहिलेलं वाक्य, 'दिग्रसले' सोडलं तर, शब्दाला शब्द सारखं होतं. मी त्याला ढोबळ म्हणालो होतो.

१९ नोव्हेंबर

पौर्णिमा यांची चौथी प्रतिक्रिया :

"रोहीने सांगितलं. लिहिणाऱ्याने नाही. एक तारा तसाच ठेवते."

ही टीका राहिलेली नाही. हे पत्र आहे.

जे इतके दिवस लिहिलं नाही ते लिहितो. नाव मला आठवत होतं. तिचं जऊळक्याला स्टेशनजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान होतं. चहा तिने स्वतः आणला. भिंतीवर मण्यांचा पोपट होता. मोठी माणसं सोयाबीनवर बोलत होती तेव्हा तिने मला विचारलं, "तुमी लिहिता म्हणे. ते कोण वाचते?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर काहीच नव्हतं.

परतीच्या वाटेवर बाबांनी विचारलं, काय कळवू? मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्यांनी पुन्हा दोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं.

आज बाबांना जऊळक्याचा नंबर मागितला. ते रूपाच्या बॅगेला दोरी बांधत होते.

"आता?"

"हो."

"काय सांगशीन?"

"नाही म्हणून."

बाबांनी गाठ आवळली. "तुह्यामुळं मी जऊळक्याच्या रस्त्यानं जात नाई," ते म्हणाले. "वाशिमले जाचं असलं तरी फेऱ्यानं जातो." हे मला माहीत नव्हतं. त्यांनी जुन्या वहीतून नंबर काढून दिला.

काय बोलायचं ते लिहून काढलं. पाच खर्डे झाले. पाचवा एका शब्दाचा आहे.

२० नोव्हेंबर

काल रात्रीच्या गाडीने रूपा गेली. बाबा तिच्याबरोबर नाशिकपर्यंत गेले. भागिरथाबाई गटातल्या चार बायांना घेऊन स्टँडवर आल्या होत्या. त्यांनी शेंगदाण्याचे लाडू दिले. रूपा खिडकीतून मला म्हणाली, "दादा, कळवते पोचल्यावर." मग म्हणाली, "खरंच कळवते."

आज सकाळी आठ वाजता जऊळक्याला फोन लावला. तिनेच उचलला.

"मी कामरगावहून प्रसेनजित. मागच्या वर्षी जानेवारीत आम्ही—"

"हो. बोला."

"कळवायचं राहिलं होतं."

"मंग कळवा."

"नाही."

झेरॉक्स यंत्र चालू असल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"काहून नाई?"

"तुम्ही विचारलं होतं, लिहिलेलं कोण वाचतं."

"मी चेष्टा नव्हती केली," ती म्हणाली. "मले वाचाले पाह्यजे होतं, म्हणून इचारलं."

मी समोरचा खर्डा उलटा ठेवला.

"बाबानं आठ महिने दुसरा पाहुणा घरी बोलावला नाई, तुमचं उत्तर याचं हाये म्हणून. माह्यं साक्षगंध झालं मागच्या महिन्यात. पण कळवलं ते बरं केलं."

"चपला आहेत," मी म्हणालो. "पाठवतो."

"राहू द्या. बाबानं नव्या घेतल्या. तुमच्या चपला इथं पडल्या होत्या, त्या एका भिकाऱ्याले देल्या." मग म्हणाली, "गिऱ्हाईक हाये," आणि फोन ठेवला.

साडेनऊला उत्कर्षने मोबाइल आणून दाखवला. जऊळक्याच्या एका ताऱ्याचे दोन झाले होते. खाली काही लिहिलेलं नव्हतं.